बसून करायचे काम आपल्या खळ्यातच आहे

सावंतवाडी सोडून बांद्याच्या वाटेला लागले की इन्सुलीचा घाट लागतो. मुंबई-गोवा हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना इन्सुली गाव वाडी-वाडीने पसरलेले आहे. खाली मळ्यात भात, वर भरडावर काजू, घरामागे माड आणि पोफळी. सकाळी खामदेव नाक्यावर उभे राहावे, तर तरणी पोरे मोटारसायकली काढून कामाला निघालेली दिसतात. कोणी सावंतवाडीकडे, बरेचसे पत्रादेवी ओलांडून गोव्याकडे.

ज्याला मोटारसायकलीवर टांग टाकता येते त्याचे पोट असे कसेबसे भरते. पण आपल्या कोकणातल्या कोणत्याही गावात दुसरीही माणसे आहेत. लहानपणी पोलिओने ज्याचा पाय गेला तो आज चाळिशीत आहे. जन्मापासून जिला ऐकू येत नाही ती मुलगी वीस वर्षांची झाली. नारळ काढताना माडावरून पडून जो कमरेखाली लुळा झाला, तो कालपर्यंत चार माणसांचे काम एकटा करीत होता. ही माणसे नाक्यावर दिसत नाहीत, कारण ती घरी असतात, लोट्यावर किंवा माजघरात. त्यांना वेळेवर जेवण मिळते, दुखले-खुपले तर औषध मिळते. काम मात्र कोणी सांगत नाही. ‘तेच्यान काय होवचा नाय,’ असे घरचेच म्हणतात. हे मायेनेच म्हटलेले असते, पण या मायेने जेवढ्या माणसांना जन्मभर बसवून ठेवले असेल तेवढे एखाद्या दुखण्यानेही बसवले नसेल.

आई-बाप आहेत तोवर हे चालते. पुढे काय? भाऊ वेगळे होतात, वहिन्यांची स्वतःची पोरेबाळे असतात, आणि तोपर्यंत पन्नाशीला आलेल्या माणसाच्या हाताला कसलीच सवय उरलेली नसते. म्हणून या विषयाकडे दयेच्या नव्हे, घरच्या हिशेबाच्या दृष्टीने पाहायला हवे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, महाराष्ट्रात २९ लाखांवर. देशातल्या या माणसांपैकी कमावणारी होती शंभरात ३६. पुरुषांत ४७, बायकांत अवघ्या २३. म्हणजे अपंग मुलगी जन्मली की चारांतल्या तीन जणींच्या वाट्याला कमाई नाही. ती घरात भाकऱ्या भाजते, भांडी घासते, पण ते कोणी काम म्हणून धरत नाही हेही आहेच.

सरकारी नोकरीची आशा आणि तिची मर्यादा

आपल्याकडे अपंगाला काम म्हटले की डोळ्यांपुढे एकच चित्र येते: सरकारी कचेरीतली नोकरी. ती वाट कशी रुंदावत गेली ते थोडक्यात पाहू. अपंगांसाठी वेगळे सेवायोजन कार्यालय मुंबईत १९५९ साली निघाले. १९७७ साली केंद्र सरकारने आपल्या क आणि ड वर्गाच्या जागांत ३ टक्के जागा राखून ठेवल्या. १९८१ हे साल आपल्याला दोन कारणांनी लक्षात राहण्यासारखे आहे. त्या वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळा निघून आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला, आणि तेच वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने जगभर अपंग वर्ष म्हणून पाळले. पुढे १९९५ चा कायदा आला आणि ३ टक्के जागांना कायद्याचा आधार मिळाला. सध्या लागू आहे तो २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत आणि सरकारी जागांतले राखीव प्रमाण ४ टक्के केले आहे. दृष्टी, ऐकणे आणि हातापायाचे अपंगत्व यांना प्रत्येकी १ टक्का. उरलेला १ टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार आणि एकाहून अधिक अपंगत्वे असणाऱ्यांना मिळून. कुष्ठरोगातून बरे झालेले लोकही यात येतात. किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो.

हे सर्व चांगले आहे आणि ज्या मुलाला शिकता येते त्याने त्यासाठी जरूर झटावे. उच्च शिक्षणाच्या सरकारी संस्थांत या कायद्याने ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलत आहे. पण सरळ विचार करा. शंभर जागा निघाल्या तर चार. आपल्या जिल्ह्यात अशा जागा वर्षाला निघतात किती, आणि त्यांच्यासाठी अर्ज येतात किती? ज्याने सातवीत शाळा सोडली, कारण शाळा घाटीच्या वर होती आणि त्याला पायऱ्या चढवत नव्हत्या, त्याला या चार जागांचा काय उपयोग? त्याच्यासाठी काम शोधायचे तर ते गावात जे पिकते त्यातच शोधावे लागेल.

कुडाळ तालुक्यातला काजूचा धडा

तसे शोधलेले एक काम आपल्या शेजारच्याच तालुक्यात उभे राहिले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे नाव अनेकांनी ऐकले असेल. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र. ऐन उमेदीच्या वयात, शाळा संपून कॉलेज सुरू होण्याच्या सुमारास त्यांचे पाय गेले. चाकाच्या खुर्चीत बसूनच त्यांनी सरकारी नोकरी केली, आणि १९८४ साली सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था कोल्हापुरात काढली. अपंग मुलांचे वसतिगृह झाले, शाळा झाली. पण शाळा शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी करायचे काय, हा प्रश्न राहतोच. त्याच संस्थेने कुडाळ तालुक्यात मोरे या गावी ‘स्वप्ननगरी’ वसवली आणि तिथे अपंगांच्या हाताने चालणारा काजू प्रक्रियेचा उद्योग उभारला.

काजूच का? कोकणच्या माणसाला हे सांगायला नको. काजू आपल्या डोंगरात आहे, आणि त्याचे बहुतेक काम बसून करायचे आहे. आपण काजूचे काम रोज पाहतो, पण या नजरेने पाहत नाही. म्हणून ते जरा तपशिलाने पाहू.

बी आणली की ती उन्हात चांगली वाळवायची. मग बॉयलरच्या वाफेवर वाफवायची आणि निवू द्यायची. नंतर कटिंग. हात-पायाच्या यंत्रावर पायाने पेडल दाबले की दोन पाती बीला दोन्ही बाजूंनी धरतात, आणि हातातला दांडा फिरवला की टरफल उकलते. आतला गर ड्रायरमध्ये सुकवायचा म्हणजे वरची तांबडी साल कुरकुरीत होते. मग ती साल सोलायची. सोललेल्या गराची प्रतवारी करायची: अख्खा, फाकी, तुकडा. अख्ख्यातही लहान-मोठे. एका पौंडात ३०० ते ३२० गर बसले तर तो ३२० नंबर, २२० ते २४० बसले तर २४० नंबर. आकडा जेवढा लहान तेवढा गर मोठा आणि भाव जास्त. शेवटी वजन आणि पॅकिंग.

आता यातले एकेक काम घ्या आणि विचारा, याला शरीराचा कोणता अवयव लागतो? वाळवणीला आणि पोती उचलायला चालता-वाकता येणारा गडी लागतो. कटिंगला दोन हात आणि एक धड पाय पुरे. ज्याचा एकच पाय पोलिओने गेला आहे तो हे काम करू शकतो, फक्त पेडल त्याच्या चांगल्या पायाच्या बाजूला बसवून द्यायला हवे. सोलणीला पाय मुळीच लागत नाहीत. लागतात ती बोटे आणि धीर. घाई केली की गर फुटतो आणि अख्ख्याचा तुकडा झाला की भाव खाली येतो. ज्याला दिसत नाही त्याच्या बोटांनाही साल राहिली की नाही ते कळते. प्रतवारीला डोळे हवेत, कान नकोत. ऐकू न येणारी मुलगी इथे कोणाहूनही मागे राहणार नाही. बौद्धिक वाढ कमी असलेल्या मुलाला एकच काम पुन्हा पुन्हा, न बदलता करायचे असेल तर ते मनासारखे जमते. पिशवीत मोजून भरणे, खोकी रचणे ही तशी कामे.

म्हणजे ‘याला काय जमेल?’ असे न विचारता ‘या कामाचे तुकडे किती पडतात?’ असे विचारले की वाट सापडते. पूर्ण काम एका माणसाला जमायला हवे हा आपलाच हट्ट असतो. आपल्या भातलावणीत तरी कुठे सर्व कामे एकच माणूस करतो? चिखलणी करणारा वेगळा, तरवा काढणाऱ्या वेगळ्या, लावणाऱ्या वेगळ्या.

एक सावधगिरी मात्र हवी. टरफलातले तेल कातडी जाळते. ज्याच्या हातापायाला संवेदना नाही, मग ती कुष्ठरोगाने गेलेली असो की मणक्याच्या दुखापतीने, त्याला भाजल्याचे कळत नाही आणि जखम चिघळते. अशाला कटिंगवर बसवू नये, सोलणी-पॅकिंगला घ्यावे. ऐकू न येणाऱ्याला यंत्रावर बसवायचे तर धोक्याची सूचना भोंग्याने न देता दिव्याने द्यावी.

स्वप्ननगरीसारखी वेगळी वसाहत सगळीकडे निघणार नाही, आणि माझ्या मते तिची सगळीकडे गरजही नाही. आपल्या तालुक्यात काजूचे लहानमोठे कारखाने वाडी-वाडीला आहेत. अशा प्रत्येक कारखान्यात दोन माणसांची सोय झाली तरी पुष्कळ झाले. वेगळे ठेवून दिलेल्या कामापेक्षा चार बायाबापड्यांत बसून, गप्पा मारीत केलेले काम माणसाला अधिक मानवते.

काजूखेरीज

बसून करायची कामे आपल्या भागात आणखी आहेत. कलमे बांधण्याचेच घ्या. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ सालचे. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती तिथल्याच. त्यांची कलमे रोपवाटिकांत मृदुकाष्ठ पद्धतीने होतात. दीड-दोन महिन्यांच्या रोपाचा शेंडा छाटायचा, काडीला पाचर काढायची, ती बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. हात स्थिर हवा आणि चाकू धारदार. रोपांच्या पिशव्या जमिनीवर न ठेवता कमरेइतक्या उंच फळीवर ठेवल्या तर खुर्चीतला माणूसही दिवसभर कलमे बांधू शकतो.

सावंतवाडीच्या चितारआळीची लाकडी खेळणी आणि फळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. रंगकाम हे बसल्या जागेचे काम. नारळाच्या सोडणांचा काथ्या, त्याची दोरी, पायपुसणी, कोकमाची सोले, शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, कोंबड्या. यादी लांबवता येईल, पण प्रत्येक घराने आपल्या अंगणात काय आहे ते पाहून ठरवावे हे बरे.

दिसत नसलेल्या माणसाने शेती करायची हे कोणाला अचाट वाटेल. गुजरातेत, आपल्या राज्याच्या सीमेला लागून, उंबरगावाजवळ फणसा येथे अंध माणसांना शेती, गुरे आणि कोंबड्या सांभाळायला शिकवणारे टाटा केंद्र १९६० सालीच निघाले. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने ते काढले. आणि विदर्भात वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली संस्था स्थापून माळरानावर आनंदवन उभे केले. तिथे बोटे झडलेल्या कुष्ठरोग्यांनीच विहिरी खणल्या, पिके काढली, पुढे हातमाग चालवले. गावाने टाकलेल्या माणसांनी गावाला धान्य विकावे यापेक्षा मोठी गोष्ट ती काय!

पाय गेलेल्या शेतकऱ्याने जयपूर फूटची चौकशी जरूर करावी. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास हा रबरी पाय तयार केला. परदेशी पाय बूट घालून चालण्यासाठी केलेले असत. आपल्याला मांडी घालून जेवायचे, उकिडवे बसायचे, पावसात मेरेवरून अनवाणी जायचे. हा पाय त्यासाठीच बनवला गेला. १९७५ साली जयपुरात स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो फुकट बसवून देते.

अडते कुठे?

काम आहे, हातही आहेत, तरी गाडे अडते. पहिली अडचण वाटेची. आपली घरे उंच जोत्याची, पुढे तीन-चार दगडी पायऱ्या, मग खळे, मग पाणंद, मग घाटी. निसर्गाने कोकण सुंदर केले पण सपाट केले नाही. निदान घराच्या पायऱ्यांच्या बाजूने उतरण करून घेणे प्रत्येकाच्या हाती आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी द्यावी, नाहीतर चाकाची खुर्ची मागे येते. एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण पायरी गुडघ्याएवढी असली तर सवलत कागदावरच राहते. म्हणून काम घराकडे आणणे सोपे: सोलणीचा माल रिक्षाने घरी यावा आणि सोललेला गर संध्याकाळी जावा.

दुसरी अडचण मजुरीची. ‘बिचाऱ्याला बसवून घेतले आहे’ असे म्हणून अर्धा रोज देणारे मालक असतात. हा उपकार नव्हे, लूट आहे. सोलणीचा दर किलोवर असतो. जेवढे किलो, तेवढे पैसे, आणि दर सगळ्यांना एकच. त्याचे काम हळू होत असेल तर किलो कमी भरतील, तेवढे पुरे. पैसेही त्याच्याच हाती किंवा त्याच्याच बँकेच्या खात्यात पडावेत, भावाच्या हाती नव्हे.

तिसरी गोष्ट जरा बोचणारी आहे. वाटणीच्या वेळी अपंग भावाकडून किंवा बहिणीकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो. ‘आम्ही आहोत ना सांभाळायला,’ असे सांगितले जाते. पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे पीककर्ज नाही, शेतीच्या योजनांचा लाभ नाही, तारण ठेवायला काही नाही. ज्या माणसाने काजूचे लहानसे युनिट काढले असते तो आपल्याच घरात आश्रित होतो. २०१६ च्या कायद्याचे १३ वे कलम स्पष्ट आहे: मालमत्ता धारण करण्याचा, वारशाने मिळवण्याचा, स्वतःचे पैशाचे व्यवहार पाहण्याचा आणि बँकेचे कर्ज घेण्याचा दिव्यांगांना इतरांइतकाच हक्क आहे. वाचक बंधूंनो, तुमच्या घरात असा कागद व्हायचा असेल तर तो करू नका.

कोणता कागद, कुठे?

सगळ्यांचे मूळ म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्यावर मिळणारे ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात. अर्ज संगणकावरून होतो, सेवा केंद्रात भरून घ्यावा. तपासणीसाठी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची खेप पडते. एक दिवस मोडतो, पण त्याशिवाय पुढचे कोणतेच दार उघडत नाही.

स्वतःचा धंदा काढायचा असेल तर दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचे कर्ज आहे. २००८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात दिव्यांगांना विशेष गटात धरून ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के असे प्रमाण ठेवले गेले. अशा योजनांचे नियम बदलत राहतात, म्हणून कागद गोळा करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागच केला आहे.

माडावरून, काजूवरून पडून ज्याला अपंगत्व आले त्याच्या घरच्यांनी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना विसरू नये. १० ते ७५ वयाचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती यांना ती लागू होते. दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर १ लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, अपघातापासून ३० दिवसांच्या आत करायचा असतो. दवाखान्याच्या धावपळीत हे दिवस निघून जातात, तेव्हा शेजाऱ्याने आठवण करून द्यावी.

आणि ग्रामपंचायत. तिने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. हा पैसा बहुतेक ठिकाणी वर्षाच्या शेवटी चादरी, डबे किंवा पाच-सातशे रुपये वाटून संपवला जातो. त्याऐवजी ग्रामसभेत उभे राहून विचारावे की या पैशात सोलणीची दोन टेबले, कटिंगचे एक यंत्र, एखादी चाकाची खुर्ची का घेता येणार नाही? ग्रामसभेत दिव्यांग माणसाने स्वतः जावे. तो जाऊ शकत नसेल तर सभा वरच्या मजल्यावर का भरते, हा पहिला प्रश्न विचारावा.

काजूचा हंगाम फेब्रुवारी-मार्चला सुरू होतो. टेबल करायचे तर त्याआधी करून घ्यावे. सुताराला माप देताना माणसाला खुर्चीत बसवून त्याच्या गुडघ्यांची उंची मोजावी आणि फळीखाली त्याहून दोन इंच जास्त मोकळी जागा ठेवायला सांगावी. साधारण २७ इंच लागते. खाली आडवी पट्टी मारू देऊ नये, कारण चाके तिथेच अडकतात. फळीच्या कडेला अर्ध्या इंचाची काठ बसवून घ्यावी, म्हणजे सोललेला गर घरंगळून खाली पडत नाही.